आदिलाबादच्या जन्मनोंदी आणि त्यांच्या दुरुस्तीचा इतिहास

आदिलाबाद जिल्ह्यातल्या जन्मनोंदींत चुका फार, असे सरसकट म्हटले जाते आणि दोष गावच्या अडाणीपणावर टाकला जातो. कागद नीट पाहिले तर वेगळे दिसते. यातल्या पुष्कळ चुका एका राजवटीचे दप्तर दुसऱ्या राजवटीच्या भाषेत, लिपीत आणि सनात उतरवताना झाल्या. पैनगंगेच्या दक्षिणेकडच्या या मुलखाने शंभर-सव्वाशे वर्षांत निजामाची उर्दू, आंध्रची तेलुगू आणि संगणकाची इंग्रजी पाहिली. घरात मात्र मराठी, गोंडी, कोलामी किंवा तेलुगू चालू राहिली. जन्मदाखला दुरुस्त करणे म्हणजे इथे बहुधा या बदलांपैकी एखाद्यात झालेली चूक निस्तरणे असते.

निजामी राज्यात हा भाग आधी सिरपूर-तांडूर या नावाचा उपजिल्हा होता. १९०५ मध्ये आदिलाबाद हा पूर्ण जिल्हा झाला. नदीपलीकडचा वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली होता, त्यामुळे पैनगंगेच्या दोन काठांवर दोन सरकारे आणि दोन दप्तरे नांदत होती. ब्रिटिश मुलखात १८८६ चा जन्म, मृत्यू व विवाह नोंदणी कायदा होता, पण तो ऐच्छिक. सर्वसामान्य माणसाचा जन्म त्यात येत नसे. चांदा जिल्ह्यात गावचा कोतवाल जन्ममृत्यूची वर्दी पोलीस ठाण्यात देई, आणि तीच नोंद पुढे ‘कोतवाल बुक’ म्हणून ओळखली गेली. जातीचा पुरावा शोधणारे लोक आजही ती धुंडाळतात, कारण जुन्या नोंदीत जात असे. आजच्या जन्मदाखल्यावर जातीचा रकानाच नाही.

निजामी गावात कारभार तिघांकडे असे: पोलीस पाटील, माली पाटील आणि पटवारी. जन्ममृत्यूची खबर ठेवणे पोलीस पाटलाचे काम. त्याचा हेतू प्रजेच्या हाती पुरावा देण्याचा नव्हता. किती जन्मले, किती मेले, पटकी आली का, देवी आली का, हे सरकारला कळावे एवढ्यासाठी ती नोंद होती. त्यामुळे बाळाचे नाव लिहिण्याची कोणाला गरज वाटत नसे. बाप, गाव आणि मुलगा की मुलगी एवढे पुरे. नाव ठरायचे बारशाला, म्हणजे खबर देऊन झाल्यावर. नाव नसलेली ही जुनी नोंद पुढच्या काळात फार त्रासाची ठरली, कारण दोन-तीन भावंडांपैकी ती कोणाची हे सांगणारा माणूस उरला नाही की तिचा उपयोग संपतो.

गावपातळीवर मराठी मुलखातले पटवारी मोडीत लिहीत. तहसिलीच्या पुढे सगळे उर्दूत चाले. या एका उताऱ्यातच नावे बदलत. उर्दू लिपीत ‘ण’ आणि ‘ळ’ ही अक्षरे नाहीत, त्यामुळे गणपतचा गनपत आणि बाळूचा बालू होणे अटळ होते. ऱ्हस्व स्वरांची चिन्हे बहुधा लिहिली जात नसल्याने वाचणाऱ्याने अंदाजाने स्वर भरायचे. लिहिणाऱ्याला नाव माहीत असे, वाचणाऱ्याला नसे. पन्नास वर्षांनी तीच नोंद वाचून तेलुगूत उतरवणाऱ्या कारकुनाला तर लिहिणाराही माहीत नव्हता आणि नावाचा माणूसही.

नावापेक्षा तारखेचा घोळ मोठा आहे, आणि त्याचे मूळ फसली सनात आहे. हैदराबाद राज्याचा फसली सन आजूर महिन्याच्या पहिल्या तारखेला, म्हणजे साधारण ६ ऑक्टोबरला सुरू होई. आजूर, दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, उर्दीबहिश्त, खुर्दाद, तीर, अमरदाद, शहरेवर, मेहर, आबान हे त्याचे बारा महिने. राज्याचे सगळे कामकाज या सनात चालत असे. तेलंगणात ज्या जमीन महसूल कायद्याचे नाव आजही घेतले जाते तो १३१७ फसलीचा, म्हणजे इंग्रजी १९०७-०८ चा. फसलीत ५९० मिळवले की इसवी सन येतो असा ढोबळ हिशेब लोक सांगतात. तो आजूरपासून बहमनच्या अखेरच्या भागापर्यंतच, म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर एवढाच बरोबर आहे. जानेवारी उजाडला की ५९१ मिळवावे लागतात. तीर १३४६ मध्ये जन्मलेले मूल १९३७ च्या मे महिन्याच्या आसपासचे. ढोबळ हिशेबाने त्याचे साल १९३६ होते. सरकारी नोकराच्या बाबतीत या एका वर्षाची किंमत एका वर्षाचा पगार एवढी होती, कारण निवृत्ती वर्षभर आधी येई. त्यात भर म्हणजे मद्रास इलाख्यातला फसली सन १ जुलैला आणि मुंबई इलाख्यातला मृग नक्षत्राला सुरू होई. दुसऱ्या प्रांतातून आलेल्या कारकुनाने आपल्या सवयीने हिशेब केला तर आणखी एक तारीख निघणार.

गावच्या लोकांच्या आठवणीतले साल या सगळ्यांहून वेगळे असे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गोंडांच्या दंडारी नाचाच्या दिवसांत, रझाकारांच्या धामधुमीत, पोलीस अॅक्शनच्या आधी, अशी ती गणना. ती टाकाऊ नव्हती. साल कळले तर पंचांगावरून पोळ्याची अमावास्या काढता येते आणि तारीख दिवसासकट मिळते. मराठी आणि तेलुगू या दोन्ही समाजांत महिना अमान्त असल्यामुळे शेजारी-शेजारी राहणाऱ्या दोघांचा श्रावण एकच असतो, ही या जिल्ह्यातली एक सोय. पण आठवण सरकारदरबारी चालवायची तर ती कोणीतरी लिहून घ्यायला हवी होती, आणि ते काम अखेर शाळामास्तरावर पडले.

शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर हाच अनेक दशके या जिल्ह्यातला खरा जन्मदाखला होता. मूल पाच-सहा वर्षांचे दिसले की मास्तर वय धरी आणि जून-जुलैतली एखादी तारीख लिहून टाकी. एकाच वर्गातली निम्मी मुले एकाच दिवशी जन्मलेली आढळतात ती त्यामुळे. डोंगराळ भागात शाळाच उशिरा आली. १९४० मध्ये जोडेघाटला गोंड पुढारी कोमुराम भीमचा लढा झाला. त्यानंतर निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांना गोंडांच्या अभ्यासासाठी बोलावले आणि १९४३ च्या सुमारास मार्लवाईला गोंड शिक्षक तयार करणारे केंद्र निघाले. तिथली गोंडी पुस्तके देवनागरीत होती, कारण मराठीमुळे ती लिपी त्या भागात ओळखीची होती. त्या शाळांत मूल दाखल होईपर्यंत त्याच्या जन्माचा कागद असण्याचा प्रश्नच नव्हता. मास्तरने लिहिलेले वय हेच पहिले वय.

या शालेय तारखेला न्यायालयांनी वेगवेगळे वजन दिले आहे. बिरदमल सिंघवी विरुद्ध आनंद पुरोहित या १९८८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की शाळेच्या वहीतली तारीख कोणी सांगितली, कशाच्या आधारे सांगितली हे सिद्ध झाल्याशिवाय तिला फारसे मोल नाही. उलट २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ ने वय ठरवताना शाळेचा दाखला आधी आणि नगरपालिका किंवा पंचायतीचा जन्मदाखला त्यानंतर, असा क्रम लावला. ज्या वहीवर एका ठिकाणी शंका घेतली जाते ती दुसऱ्या ठिकाणी पहिली मानली जाते. आदिलाबादसारख्या जिल्ह्यात, जिथे दोन्ही कागदांवरच्या तारखा क्वचितच जुळतात, तिथे ही विसंगती नुसती पुस्तकी राहत नाही.

१ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेने नोंदींत जागेचा प्रश्न आणला. आदिलाबाद जिल्हा आंध्र प्रदेशात गेला, पण किनवट आणि राजुरा हे तालुके आणि बोथ तालुक्यातला इस्लापूर भाग वगळून. ते मुंबई राज्यात आले. बदल्यात नांदेड जिल्ह्याच्या मुधोळ तालुक्यातली मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही मंडळे आदिलाबादेत गेली. मुधोळला १९५० मध्ये जन्मलेला माणूस घर न सोडता आधी हैदराबाद राज्याच्या नांदेड जिल्ह्यात होता, १९५६ नंतर आंध्र प्रदेशच्या आदिलाबाद जिल्ह्यात, २०१४ नंतर तेलंगणात आणि ११ ऑक्टोबर २०१६ नंतर निर्मल जिल्ह्यात, कारण त्या दिवशी जुन्या आदिलाबादचे आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कोमुराम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे झाले. राजुऱ्याची कथाही अशीच: आदिलाबादहून नांदेडला, १९५९ मध्ये चांदा जिल्ह्यात, १९६० मध्ये महाराष्ट्रात, आणि पुढे चांद्याचेच नाव चंद्रपूर.

अशा माणसाच्या दाखल्यावर जुना जिल्हा असेल तर ती चूक नाही. जन्माच्या दिवशी जे गाव ज्या जिल्ह्यात होते तेच नोंदीत राहायला हवे. तरीही आधारवर निर्मल आणि दाखल्यावर आदिलाबाद दिसले की कुठल्या तरी खिडकीवर ‘दुरुस्त करून आणा’ असे सांगितले जाते. जी नोंद बरोबर आहे तिची दुरुस्ती मागणे हा या जिल्ह्यातला सर्वांत वायफळ हेलपाटा म्हणावा लागेल.

राजुऱ्याच्या बाजूला, महाराष्ट्रातले जिवती आणि तेलंगणातले केरामेरी यांच्या मध्ये, चौदा गावांवर तर दोन्ही राज्यांनी हक्क सांगितला. तिथल्या लोकांकडे दोन्हीकडची रेशनकार्डे आहेत, दोन्हीकडच्या मतदारयाद्यांत नावे आहेत, आणि मूल कोणत्या राज्यात जन्मले याचे उत्तर कोणत्या सरकारचा कागद काढला यावर ठरत आले आहे.

नोंदणीला एकच कायदा सगळ्या देशासाठी मिळाला तो १९६९ मध्ये. जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम १ एप्रिल १९७० पासून बहुतेक राज्यांत लागू झाला आणि नोंद सक्तीची झाली. दुरुस्तीच्या दृष्टीने त्यातली तीन कलमे महत्त्वाची. कलम १३ उशिरा नोंदीचे: तीस दिवसांपर्यंत विलंब शुल्क, वर्षापर्यंत वरिष्ठांची परवानगी आणि (२०२३ च्या दुरुस्तीपर्यंत) शपथपत्र, वर्षानंतर दंडाधिकाऱ्याचा आदेश. आंध्र-तेलंगणात हे शेवटचे काम व्यवहारात आरडीओंकडे, म्हणजे महसूल विभागाच्या उपविभागीय अधिकाऱ्यांकडे राहिले. कलम १४ बाळाच्या नावाचे. नावाशिवाय नोंद करता येते आणि नाव मागाहून घालता येते: बारा महिन्यांपर्यंत फुकट, पुढे नियमांप्रमाणे पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून. निजामी काळातली नाव नसलेल्या नोंदीची अडचण या कलमाने ओळखली.

कलम १५ मात्र खास आहे. नोंद रूपात किंवा आशयात चुकीची आहे, अथवा खोटेपणाने किंवा गैररीतीने झाली आहे, असे निबंधकाला पटले तर त्याने समासात योग्य नोंद करून चूक सुधारायची किंवा नोंद रद्द करायची. मूळ मजकुरात काहीही बदल करायचा नाही. समासातल्या नोंदीवर सही आणि तारीख घालायची. म्हणजे चुकीचे नाव खोडायचे नाही, त्यावर पांढरी शाई लावायची नाही, पान फाडून नवे लावायचे नाही. जुने तसेच दिसत राहते आणि शेजारी नवे येते. पटवारी दप्तरातल्या खाडाखोडीच्या तक्रारी ज्या भागात पिढ्यान्‌पिढ्या ऐकल्या गेल्या, तिथे ही तरतूद फार शहाणपणाची म्हटली पाहिजे. पुढे कोणी आक्षेप घेतला तर काय होते, काय झाले, कधी झाले आणि कोणी केले, हे चारही वहीत सापडते.

नियमांनी चुकांचे प्रकार पाडले. काना-मात्रा सुटला, आकडा उलटा पडला, अशी लेखनिकाची चूक निबंधक स्वतःच्या अखत्यारीत सुधारू शकतो. आशयातली चूक, म्हणजे तारीख वेगळी, बाप वेगळा, मुलगीऐवजी मुलगा, अशी असेल तर खरी हकिगत ठाऊक असलेल्या दोन विश्वासू माणसांचे निवेदन लागते आणि दुरुस्तीचा अहवाल वर पाठवावा लागतो. नोंदच बनावट निघाली तर निबंधकाने वरिष्ठांना कळवून त्यांच्या आदेशाने वागायचे. वाद निबंधकाच्या आवाक्याबाहेरचा असेल तर दिवाणी न्यायालयात विशिष्ट साहाय्य कायद्याच्या कलम ३४ खाली घोषणात्मक दावा करता येतो. एक गोष्ट या सगळ्यात बसत नाही: जन्मानंतर आयुष्यात झालेला बदल. लग्नानंतरचे नाव किंवा राजपत्रात जाहीर करून घेतलेले नवे नाव हे जन्माच्या दिवशीचे सत्य नव्हे. लोकांचे अर्ज बहुतेक वेळा नाकारले जातात ते याच ठिकाणी.

कायदा एक राहिला, वही सांभाळणारे हात बदलत गेले. आंध्र प्रदेशात १९८४ मध्ये पटेल-पटवारी ही वंशपरंपरेची अर्धवेळ पदे रद्द झाली. १९८५ मध्ये तालुके मोडून मंडले आली. पुढे खेड्यात पंचायत सचिव निबंधक झाला, शहरात नगरपालिका, आणि २०२० मध्ये तेलंगणाने ग्राम महसूल अधिकारी हे पदही काढून टाकले. जुने दप्तर प्रत्येक वेळी एका हातातून दुसऱ्या हाती गेले. कधी पटवाऱ्याच्या माडीवरून तहसिलीत, कधी तहसिलीतून कुठेच नाही. जन्माची नोंदवही कायम जतन करायची असते, असे नियम सांगतात. २०११ पासून मीसेवा या सरकारी सेवाकेंद्रांतून अर्ज करता येऊ लागला. खिडकी जवळ आली, पण संगणकात चढवलेली नोंद आणि वहीतली नोंद यांत फरक पडला की पुन्हा वहीकडेच जावे लागते.

तेलुगूत ‘ण’ आणि ‘ळ’ आहेत, त्यामुळे उर्दूतली ती अडचण गेली. तिच्या जागी दुसरी आली. तेलुगू रीतीत आडनाव आधी येते, मराठीत आधी स्वतःचे, मग बापाचे, शेवटी आडनाव. रकाने भरणाऱ्याने आपल्या सवयीने भरले की बापाचे नाव आडनाव होते. इंग्रजी स्पेलिंगमध्येही दोन चाली आहेत. दक्षिणेत ‘त’ साठी टी-एच लिहितात, महाराष्ट्रात नुसता टी. भारती नावाची मुलगी आदिलाबादच्या दाखल्यावर एका स्पेलिंगची आणि यवतमाळच्या कॉलेजात दुसऱ्या, आणि संगणकाच्या लेखी त्या दोन मुली. बेला, जैनथ, तामसी या पट्ट्यातली मुले मराठी माध्यमात शिकतात, तेलंगणाची दहावी मराठीतून देता येते. त्यांच्या प्रगतिपुस्तकावर एक नाव आणि पंचायतीच्या दाखल्यावर दुसरे असणे नेहमीचे.

या पट्ट्यातली सर्वांत खास अडचण मात्र बाळंतपणाची आहे. पहिले बाळंतपण माहेरी, हा रिवाज सीमा ओळखत नाही. बेल्याच्या सुनेचे माहेर पांढरकवड्याकडे, इचोड्याच्या सुनेचे किनवटला. उलट किनवट-माहूरकडच्या बायका आदिलाबादच्या रिम्स रुग्णालयात येतात, २००८ पासून जास्तच. कायद्याप्रमाणे नोंद जिथे जन्म झाला तिथे होते, आईबाप राहतात तिथे नाही. माहेरच्या माणसांनी वर्दी दिली की आईचे माहेरचे नाव, कधी घरातले लाडके नाव, वहीत जाते. मूल शाळेत जाईपर्यंत ते कोणाच्या लक्षात येत नाही. मग सासरच्या पंचायतीत अर्ज होतो, तो परत येतो, कारण त्या सचिवाच्या वहीत ही नोंदच नसते.

दुरुस्तीची गर्दी वाढली ती नोंदींना नव्याने किंमत आल्यामुळे. २६ जानेवारी १९८९ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना पासपोर्टसाठी जन्मदाखला अनेक वर्षे सक्तीचा होता. निर्मलकडून आखाती देशांत कामाला जाणाऱ्या तरुणांना त्याची झळ आधी बसली. लंबाडा समाज १९७६ च्या कायद्याने तेलंगण भागात अनुसूचित जमातींत आला, महाराष्ट्रात तोच समाज विमुक्त जातींत राहिला. त्यामुळे सीमेवर जन्मस्थळाची नोंद हा केवळ पत्ता राहत नाही, आणि तिच्या दुरुस्तीकडे अधिकारी संशयाने पाहतात. सरकारी नोकरांपुरते आंध्र प्रदेशने १९८४ च्या नियमांनी दार जवळजवळ लावून घेतले: सेवापुस्तकात चढलेली तारीख नंतर बदलत नाही. आधारवरची जन्मतारीखही साधारणपणे एकदाच बदलून मिळते, आणि २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधार हा वयाचा पुरावा नसल्याचे स्पष्ट केले.

२०२३ च्या दुरुस्ती कायद्याने १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, मतदारयादी, वाहन परवाना, आधार, विवाहनोंदणी अशा कामांत जन्मदाखला हाच तारीख आणि जन्मस्थळाचा पुरावा ठरवला, राज्यांच्या नोंदी राष्ट्रीय पातळीवर एकत्र ठेवण्याची तरतूद केली, आणि वर्षाहून उशिराच्या नोंदीचा अधिकार जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे दिला. या मुलांच्या बाबतीत शाळामास्तरची तारीख आता पर्याय म्हणून उरलेली नाही. त्याआधी जन्मलेल्यांचे जुने पुरावे चालतच आहेत. कलम १५ चा समास मात्र दोघांनाही सारखाच लागू आहे, आणि त्यात लिहिण्याचा अधिकार अजूनही ज्या निबंधकाच्या वहीत ती नोंद आहे त्याच्याकडेच आहे, मग ती वही आदिलाबादेत असो की पैनगंगेपलीकडे.